लिहिलंय तसं

“मेली का एकदाची आजी?” कात्रीने विचारले.

मास्तरणीने पुस्तकात बोट घालून ते मिटले आणि चष्म्यावरून खोलीकडे पाहिले. “अजून नाही. खोकतेय.”

“खोकतेय म्हणजे गेलीच.” कात्रीने दाताने दोरा तोडला. तिचे तोंड सुईपेक्षा जास्त चाले, म्हणून तिला ते नाव पडले होते. “पुढचं प्रकरण काही बघत नाही ती.”

“जाताना पोरीला काहीतरी शहाणपणाचं सांगून जाईल. या असल्या पुस्तकांत म्हातारीला दोनच कामं. शहाणपण सांगायचं आणि मरायचं. आई पहिल्या पानावरच गेलेली, बाप बेपत्ता. मग इतकी वर्षं या घरातली भांडी कोण घासत होतं? ते नाही लिहायचं. लिहिणाऱ्याच्या घरी भांडी आपोआप घासली जातात वाटतं.”

खोली हसली. कोपऱ्यातली नळ तेवढी डोळे पुसत होती. ती कशालाही रडायची, नुसत्या खोकल्यालासुद्धा, आणि तिचे नाव त्यावरूनच पडलेले.

“आत्ताच नको गं रडूस,” मास्तरीण तिला म्हणाली. “मरू तर दे आधी.”

कपडे शिवणाऱ्या कारखान्याच्या मागच्या अंगाला ही हातकामाची खोली होती. पुढच्या दालनात मशिनांचा असा गदारोळ, की शेजारणीला काही सांगायचे तर तिच्या कानात ओरडावे लागे. इथे मात्र सगळा सुईचा कारभार. बटणे, हूक, तुरपाई. सुईला आवाज नसतो आणि बायकांना शांतता सोसत नाही, म्हणून फार पूर्वी कोणीतरी इथे वाचायची पद्धत पाडली. एकीने खिडकीखालच्या उंच स्टुलावर बसून मोठ्याने वाचायचे, आणि तिच्या वाट्याचा कपड्यांचा ढीग बाकीच्यांनी आपसांत वाटून घ्यायचा. मुकादमीण कधी आड आली नाही. कान गुंतले की तोंडे बंद राहतात आणि हात चालतात, एवढे तिला पुरेसे होते.

मास्तरीण ही काही खरी मास्तरीण नव्हे. सगळे तरुणपण तिने याच खोलीत बटणे लावण्यात घालवले, दुसऱ्यांचे वाचणे ऐकत. पन्नाशी उलटल्यावर संध्याकाळच्या वर्गात बसून ती अक्षर शिकली. तिथे तिच्या बाकावर एक म्हातारा रंगारी होता. दोघे एकमेकांच्या पाटीत डोकावत आणि एकमेकांच्या चुका उतरवून घेत. पुढे खोलीतली आधीची वाचणारी मुलाकडे राहायला गेली आणि स्टूल रिकामे झाले. घसा कोरडा करायला कोणी तयार होईना, तेव्हा ही चढली. सुरुवातीला ती एकेक शब्द असा ओढत वाचायची, की कात्री म्हणाली, “हिचं एक वाक्य संपेपर्यंत माझा अख्खा सदरा होतो.” मास्तरीण हे नाव तेव्हा चेष्टेत पडले. चेष्टा विरून गेली, नाव राहिले.

पुस्तके तिची नात आणून द्यायची. शाळेच्या वाचनालयात नव्या कादंबऱ्यांचे एक कपाट होते, नातीच्याच वयाच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या. “अक्षर मोठं आहे, आजी. वाक्यंपण छोटी. तुला झेपतील.”

झेपली. डोक्यात मात्र गेली.

पहिल्या कादंबरीपासून तिचे त्या कपाटाशी वैर जडले. एका पुस्तकातली सोळा वर्षांची पोर अख्खे राज्य उलथवून टाकते आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अंगात तोच सदरा. “लढाई झाली, नदी झाली, चिखल झाला. सदरा धुतला कोणी? एक बटण तुटलं नाही? असला सदरा शिवणारा कारखाना कुठे आहे ते तरी सांगा, सगळ्याजणी तिकडेच कामाला जाऊ.” दुसऱ्या पुस्तकातल्या मुलाला मेलेली माणसे दिसत. “दिसू देत की. पण जिवंत बाप समोर बसलाय, तो नाही दिसत मेल्याला.” तिसऱ्यातली नायिका पानोपानी नकळत रोखून धरलेला श्वास सोडायची. पुन्हा एकदा सोडला तेव्हा मास्तरणीने पुस्तक मांडीवर आपटले. “दमा आहे हिला. जग वाचवायच्या आधी कोणीतरी हिला डॉक्टरकडे न्या.”

आणि प्रेम. एका मुलाच्या डोळ्यांच्या रंगावर पाने भरली होती. “घरधन्याच्या डोळ्यांचा रंग मला विचाराल तर आजही सांगता यायचा नाही,” मास्तरीण म्हणाली. “जिना कसा चढून यायचा ते सांगते. पायांच्या आवाजावरून कळायचं, आज जेवणार की ताट भिरकावणार.” यावर खोलीत कोणी हसले नाही. दोन-चार जणींनी नुसत्या माना हलवल्या.

पण सगळ्यांत जास्त तिचे डोके फिरे ते पोरी घर सोडत तेव्हा. प्रत्येक पुस्तकात कोणीतरी पोरगी खिडकीतून उडी मारून, भिंत ओलांडून, कोणाला न सांगता निघून जाई, आणि ती गेली की लिहिणाऱ्याच्या अंगात आल्यासारखे व्हायचे. आकाश मोठे होई, वारा सुटे, छाती भरून येई. मागे घरात दिवा लावून बसलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे एकाही पुस्तकाला सांगावेसे वाटले नव्हते.

मग तिने सुधारायला सुरुवात केली. आधी अगदी किरकोळ. राज्य उलथवणाऱ्या पोरीने लढाईच्या आदल्या संध्याकाळी कॉलरला साबण घासून सदरा दोरीवर टाकला. छापलेल्यात हे नव्हते. मास्तरणीच्या तोंडून मात्र ते छापल्यासारखे बाहेर पडले आणि कोणी काही म्हणाले नाही. मग एका आईचा ताप उतरला. एक बाप, कायमचा नाहीसा झालेला, मागच्या दाराने परत आला आणि पोरीने त्याला चांगले फैलावर घेतले. ज्यांना लहानपणी अक्षर मिळते त्यांना छापलेले म्हणजे दगडावर कोरलेले वाटते. हिच्या हाती अक्षर सुईनंतर आले होते. टाका वाकडा पडला की उसवायचा आणि पुन्हा घालायचा, एवढेच हात शिकले होते. यात काही खोटेपणा आहे असे तिच्या मनातही आले नाही.

घरी ती आणि नात, दोघीच. दोन खोल्या, मध्ये दाराऐवजी पडदा. लेकीचा पहिला संसार मोडला तेव्हा ती चार वर्षांच्या पोरीला आईकडे ठेवून दुसऱ्या गावी नोकरीला गेली. “बस्तान बसलं की नेते,” असे म्हणून गेली. बस्तान बसले, दुसरे लग्न झाले, घर झाले. पोर इथेच राहिली. लेकीचे फोन यायचे. फोन बहुधा मास्तरीणच उचलायची, कारण तो तिच्याच उशाशी असे.

पूर्वी जेवताना मास्तरीण पुस्तकांना शिव्या देऊ लागली की नात पोट धरून हसायची. शाळेत मैत्रिणींना सांगायची, आमच्या आजीनं काल त्या हिरोला काय धुतलाय! हल्ली ती हसेनाशी झाली होती. ताटातले चिवडत बसे.

“काय गं, तोंड का असं?”

“काही नाही.”

“परीक्षेत दिवे लावलेस का?”

“काही नाही म्हटलं ना, आजी.” मग उठून तिने दप्तरातून एक बारीकसे निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक काढले आणि आजीच्या पुढ्यात ठेवले. “ही वाच. पण घरी वाच. मनातल्या मनात. खोलीत नको नेऊस.”

“का? घाण लिहिलंय काही?”

“घाण नाही गं. तुझ्यासाठी आणलीय. वाच आणि मला सांग.”

“काय सांगू?”

“वाचलीस की कळेल.”

आता पंचाईत अशी, की मास्तरणीला मनातल्या मनात वाचता येत नसे. वर्गात ती मोठ्याने शिकली, खोलीत मोठ्याने वाचत आली. तिचे वाचन ओठांतून जायचे. ओठ मिटले की अक्षरेही मिटत, नुसत्या मुंग्या दिसत. हे तिने कोणाला सांगितले नव्हते. वाचणारी म्हणून जिचे नाव, तिने हे सांगायचे कुणाला? घरात मोठ्याने वाचावे तर पडद्यापलीकडे नात अभ्यासाला बसलेली. दोनदा तिने पुस्तक उघडून पुटपुटून पाहिले. पडद्यामागून पेन थांबल्याचे कळले आणि तिने ते मिटले.

त्याच सुमारास खोलीतले चालू पुस्तक संपले. खोकणारी आजी ठरल्याप्रमाणे शहाणपण सांगून मेली, नळ ठरल्याप्रमाणे रडली, आणि कात्री म्हणाली, “आता पुढचं काढ. हात चालेनात.” मास्तरणीने पिशवीतून निळे पुस्तक काढले. पोरीला कुठे कळणार आहे, असे तिला वाटले.

पुस्तक एका खाऱ्या तळ्याचे होते. काठावर एक मुलगी आजीबरोबर राहते. आजी तळ्याच्या कडेचे मीठ खरवडून विकते. मुलीची आई तळ्याच्या पलीकडे. संध्याकाळी तिथला दिवा दिसतो, त्यापलीकडे काही नाही.

“ही आजी निदान काम तरी करते,” पहिल्या प्रकरणानंतर मास्तरीण म्हणाली. “तळव्यांना भेगा आहेत म्हणे. भेगा माहीत असणारा लिहिणारा पहिल्यांदाच भेटला.”

“मग आवडलं म्हण की,” कात्री म्हणाली.

“आवडायला काय झालंय? थांब, बिघडवेल.”

आणि बिघडवले. तिसऱ्या की चौथ्या प्रकरणात मुलगी गवतात लपवून होडी बांधायला लागली. रोज एक फळी. आजी मिठावर गेली की ठोकाठोकी. मास्तरणीचा आवाज खाली आला. शिवलेल्या कपड्यात सुई राहून जाते, अंगात घातला की कुठेतरी टोचते पण नेमके कुठे ते सापडत नाही, तसे तिला होऊ लागले. तिने होडी लहान केली. मग होडीच्या ठिकाणी कोंबड्यांचे खुराडे केले. पण लिहिणारा चिवट होता, दर पानावर पुन्हा होडीकडे यायचा.

शेवटचे प्रकरण तिने दुपारच्या सुट्टीत, बायका जेवायला बाहेर गेल्यावर, कपड्यांच्या गाठोड्यांमागे बसून आधीच पुटपुटत वाचून काढले. मुलगी पहाटे उठते. होडी पाण्यात ढकलते. कोणाला काही सांगत नाही. आणि घरात म्हातारी जागी असते. जागी असून उठत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहते. पुस्तक संपते.

मास्तरणीचे कान तापले. जागी असून उठत नाही? घसा नाही हिला? हात मोडलेत? पोर पाण्यात चाललीय आणि ही भिंत बघतेय?

दुपारी ती स्टुलावर चढली ती कंबर कसूनच. मुलीने होडी पाण्यात ढकलली, इथपर्यंत तिने जसेच्या तसे वाचले. मग होडीच्या फळ्यांतून पाणी यायला लागले.

“खुराड्यासाठी आणलेल्या फळ्या त्या,” ती वाचत गेली, “पाण्यात टिकणार कशा? मुलगी ओंजळीने पाणी उपसू लागली. पलीकडचा दिवा होता तिथेच राहिला. मग तिने वल्हं उलट फिरवलं. काठाशी आजी कंबरभर पाण्यात उभी होती. तिने होडीचं टोक असं धरलं, जसा कान धरावा, आणि ओढत बाहेर काढलं. म्हणाली, कपडे बदल आधी. ओल्या अंगाने मेलीस तर मीठ कोण विकेल?”

खोलीत हशा उसळला. नळ हसता हसता रडू लागली. मुकादमीणसुद्धा मान वर करून म्हणाली, “बरं झालं बाई. उगाच जीव टांगणीला लागला होता.”

“पुस्तक समाप्त,” मास्तरीण म्हणाली, आणि दाराकडे पाहिले. दारात नात उभी होती, दप्तर खांद्याला. शाळा लवकर सुटली होती. घरी पुस्तक दिसले नाही म्हणून ती इकडे आली होती.

“ये गं, ये,” कात्रीने हाक मारली. “तुझंच ना पुस्तक? काय शेवट आहे, बाई! आलीच शेवटी पोरगी घरी.”

“आली?” नातीने विचारले. ती कात्रीकडे पाहत नव्हती.

“आली म्हणजे काय! आजीनं ओढून आणली,” नळ नाक पुसत म्हणाली.

मास्तरीण वाट पाहत राहिली. एका शब्दाने पोर तिला स्टुलावरून खाली आणू शकली असती. नातीने पुढे होऊन तिच्या मांडीवरचे पुस्तक उचलले, दप्तरात घातले.

“बरं झालं,” एवढेच ती म्हणाली, आणि गेली.

संध्याकाळी मास्तरीण घरी आली तेव्हा नात पलंगाच्या कडेवर बसून होती. पुस्तक शेजारी.

“तसं लिहिलेलं नाही.”

“मला माहितेय काय लिहिलंय. मीच वाचलंय.”

“मग बदललंस का?”

“गाढवपणा लिहिलाय म्हणून.” मास्तरणीने पिशवी खुंटीला अडकवली, ती दोनदा पडली. “पोरगी न सांगता जाते आणि म्हातारी जागी असून पडून राहते! अशी असते आजी? उठून दोन ठेवून नसत्या दिल्या? ज्यानं कोणी लिहिलंय त्यानं आयुष्यात आजी बघितलेली नाही. सगळी तुझी पुस्तकं असलीच. ज्यांनी वाढवलं ती माणसं मूर्ख, नाहीतर मेलेली, नाहीतर झोपलेली. आणि पोरं तेवढी शहाणी. भरून काढलंय कपाट नुसतं.”

“आजी, मी तुला ते वाचायला दिलं होतं. दुरुस्तीला नाही.”

मास्तरीण खुंटीवरची पिशवी सरळ करत राहिली.

“आणि खोलीत नेऊ नको म्हटलं होतं.”

“मनातल्या मनात वाचता येत नाही मला!” हे इतक्या मोठ्याने निघाले की खालच्या जिन्यावर कोणाची तरी पावले थांबली. “येत नाही. झालं समाधान?”

नातीने तिच्याकडे पाहिले. “मला माहीत नव्हतं.”

“आता झालं ना माहीत?”

“मला आईकडे जायचंय,” नात म्हणाली. “शाळा संपली की. पुढचं शिक्षण तिथे राहून करायचंय. हे होतं त्यात. हेच सांगायचं होतं.”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. मास्तरणीने पलंगाचा लाकडी दांडा धरला आणि खाली बसली.

“माणसाला तोंड दिलेलं असतं,” ती म्हणाली. “तोंडानं सांगायचं सोडून पुस्तक कशाला मध्ये घालायचं?”

“तोंडानं सांगितलं असतं तर तू तेही बदललं असतंस.”

“मी?”

“उन्हाळ्यात आईचा फोन आला होता. सुट्टीभर पाठव म्हणाली होती. तू मला सांगितलंस, तिकडे सगळे आजारी आहेत, येऊ नको म्हणालीय. आणि तिला सांगितलंस, पोरीलाच यायचं नाहीये. मी विचारलंय तिला, आजी. आमचं बोलणं झालंय.”

मास्तरणीने तोंड उघडले. या वाक्यात कुठून हात घालावा ते तिला कळेना. एरवी कोणतेही वाक्य वळवायला तिला श्वासाचाही वेळ लागत नसे.

“टाकून गेली होती ती तुला,” ती शेवटी म्हणाली. “चार वर्षांची होतीस. अंगात ताप होता. मागे वळून बघितलं नाही तिनं.”

“माहितेय. ते तू कधी बदलून नाही सांगितलंस.” नात म्हणाली. “तेवढंच जसंच्या तसं सांगत आलीस.”

मास्तरीण चुलीपाशी गेली. झाकणे नेहमीपेक्षा जास्त वाजली. दोघींनी समोरासमोर बसून जेवण केले, आणि भांडी नातीने घासली. मास्तरीण पाय पोटाशी घेऊन बसून तिच्या पाठीकडे पाहत होती. पोरीची पाठ तिच्या आईसारखी झाली होती, खांदे जरा पुढे घेतलेले. हे कधी झाले तिला आठवेना.

“लाव फोन तुझ्या आईला,” ती म्हणाली.

नात ओल्या हातांनी वळली. “आत्ता?”

“मग काय मुहूर्त बघू?”

फोन लागला. नातीने तो आजीच्या हातात दिला आणि दूर गेली नाही, तिथेच उभी राहिली.

“मी बोलतेय,” मास्तरीण म्हणाली. “ऐक. तुझी पोर म्हणते तिला तुझ्याकडे यायचंय. शाळा संपली की. तिथे राहून शिकायचं म्हणते.” पलीकडे बराच वेळ काही तरी बोलणे चालू होते. “मला नको विचारूस माझं काय म्हणणं आहे. माझं म्हणणं मी सांगत बसले तर परत घोळ होईल. ती म्हणाली ते सांगितलं. उन्हाळ्यातही तिला यायचं होतं. तेव्हा मी तुला वेगळं सांगितलं. हो. मीच. आता रडू नकोस, फोनवर मला रडणं कळत नाही. पोरीशी बोल.”

तिने फोन नातीच्या हातात दिला आणि पडदा सारून आतल्या खोलीत गेली. पडद्यापलीकडून बोलणे ऐकू येत होते. तिने कान दिला नाही, असे नाही.

सकाळी कामावर निघताना तिने नातीपुढे हात केला. “ते पुस्तक दे.”

“कशाला?”

“दे म्हटलं ना. खोलीत न्यायचंय.” थोडे थांबून ती म्हणाली, “नेऊ का?”

नातीने पुस्तक दिले.

मास्तरीण स्टुलावर चढली तेव्हा बायका ढीग वाटून घेत होत्या. कात्रीने विचारले, “आज काय नवीन?”

“जुनंच. शेवटचं प्रकरण परत वाचतेय. लिहिलंय तसं मी काल वाचलं नाही.”

तिला वाटले होते, गलका होईल. कोणी सुईसुद्धा थांबवली नाही.

“ते का आम्हाला कळत नव्हतं?” कात्री म्हणाली. “कॉलरला साबण घासून मग राज्य उलथवायला जाते, असं तुझ्याशिवाय कोण लिहील?”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून काय करायचं? बरं वाटायचं ऐकायला.”

“तो बाप मागच्या दारानं आला ना,” मुकादमीण टेबलावरून म्हणाली, “तेव्हाच मला कळलं होतं. पण त्या पोरीनं त्याला जे सुनावलं, ते मी घरी जाऊन माझ्या बहिणीला सांगितलं.”

“आजचं आवडणार नाही,” मास्तरीण म्हणाली.

“मग कशाला वाचतेस?” नळने विचारले. ती आधीच पदराचे टोक हातात धरून बसली होती. “कालचंच राहू दे ना. पोरगी आली, कपडे बदलले, संपलं. छान होतं.”

“ऐका मुकाट्यानं.”

तिने शेवटचे प्रकरण काढले. मुलगी उठली. अंधारात चपला हातात घेतल्या. दाराची कडी वाजू नये म्हणून तिने ती बोटाने तोलून धरली. मास्तरीण सावकाश वाचत होती, पहिल्यांदा या स्टुलावर चढली तेव्हा वाचायची तशी, एकेक शब्दाला हात लावून पुढे जात. मुलगी काठावर आली. होडी पाण्यात गेली. फळ्यांतून थेंबभरही पाणी आले नाही. नळने एकदा “अगं बाई” म्हटले, आणि कोणीतरी तिला कोपर मारले.

“म्हातारी जागी होती,” मास्तरणीने वाचले. “कडीचा आवाज झाला नव्हता, तरी ती जागी होती. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. वल्ह्यांचा आवाज आधी जवळ होता, मग लांब गेला. मग तिला कळेना, की आवाज अजून येतोय की आपण तो धरून ठेवलाय.”

तिने पुस्तक मिटले नाही.

“मग?” नळने विचारले. “उठली की नाही ती?”

“लिहिलेलं नाही.”

“असं कसं लिहिलेलं नाही? जागी होती ना?”

“जागी होती.”

“मग तू सांग ना. तू तर सगळं सांगतेस. तू असतीस तर...”

“मला नको विचारूस.” मास्तरणीचा आवाज चढला. “फालतू पुस्तक आहे. उठायला काय झालं होतं तिला? दारात जाऊन उभं राहता आलं असतं. हाक नको मारूस बाई, पण उभी तरी राहा, पोरीनं वळून बघितलं तर दिसशील. एवढंही सुचलं नाही लिहिणाऱ्याला. त्याला म्हातारी माणसं कळत नाहीत, काही कळत नाही. पण लिहिलंय असं.”

मुकादमीण उठून उभी राहिली होती, आणि कशासाठी उठलो ते विसरल्यासारखी तशीच उभी होती. कात्रीच्या हातातला सदरा मांडीवर पडला होता, बटण अर्धे लागलेले.

“तेवढं परत वाच,” कात्री म्हणाली. “म्हातारी जागी होती, तिथपासून.”

मास्तरणीने पान सरळ केले, ओळीखाली बोट ठेवले आणि पुन्हा वाचले. एकही शब्द इकडचा तिकडे न करता.